पालकाच्या मोबाइलवर उघडेल असा फोटो

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून रुजू झालात की थोड्याच दिवसांत एक वाक्य कानावर पडतं, "मॅडम, तुम्ही नवीन हाय, तुम्हाले कॉम्प्युटर जमते." मग यू-डायस आणि सरल या सरकारी पोर्टलांवरच्या नोंदी, पोषण आहाराची ऑनलाइन माहिती, सगळं आपल्याच टेबलावर. त्यात आता शाळेच्या किंवा वर्गाच्या वेबसाइटची भर पडली आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान शाळेत हे काम करते. मजकूर लिहायला कुणीही मदत करतं, घोडं अडतं ते फोटोंपाशी. म्हणून हे लिखाण फक्त फोटो आणि चित्रांबद्दल आहे.

आधी आपलं पान बघतं कोण ते ठरवा. आपल्याकडे ते बघणारा बाप वावरात असतो, हातात दोन-तीन वर्षं वापरलेला मोबाइल, नेटवर्कच्या एक-दोन काड्या आणि रोज संपणारा डेटा. आई बघते ती रात्री, सैपाक आवरल्यावर, काच तडकलेल्या स्क्रीनवर. शाळेच्या एलईडी टीव्हीवर छान दिसणारा फोटो तिथे उघडलाच नाही तर आपली मेहनत पाण्यात. यापुढचं सगळं मी त्याच मोबाइलवरून मागे मोजत आले आहे.

हिशेब सोपा आहे. आजकालच्या मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० × ३००० पिक्सेलचा असतो, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके, आणि फाइल ३-४ एमबीची. वेबसाइटवर १२०० पिक्सेल रुंदी पुष्कळ झाली. ४००० चे १२०० केले की फोटो १२०० × ९०० चा होतो आणि ठिपके उरतात १० लाख ८० हजार, मूळच्या ९ टक्के. जेपीईजी, म्हणजे फोटोंच्या नेहमीच्या फाइल-प्रकारात, साठवताना क्वालिटी ७५ ते ८५ च्या मध्ये ठेवली तर बहुतेक फोटो १००-२५० केबीत बसतात. स्नेहसंमेलनाचे २० फोटो मूळ आकारात टाकले तर ६०-८० एमबी, लहान करून टाकले तर २-५ एमबी. काही सेवा फोटो आपोआप लहान करतात, पण त्यावर विसंबू नका. आणि कुणी "७२ डीपीआय ठेवा" असं सांगितलं तर मान डोलवा आणि सोडून द्या. डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके, तो आकडा छपाईसाठी, स्क्रीनला फक्त पिक्सेल कळतात.

गटावर आलेला फोटो परत वापरायचा असेल तर एक गोष्ट आधीच ठरवून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो दाबला जातो, त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. तोच कापून, उजळवून, पुन्हा जेपीईजीत साठवला की दर वेळी थोडा थोडा बिघडत जातो. सहकाऱ्यांना सांगा, फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी येते. फक्त त्या मूळ फाइलमध्ये फोटो कुठे काढला त्या जागेचे अक्षांश-रेखांशही असू शकतात. शाळेचा पत्ता काही गुपित नाही, पण पालकांनी घरून पाठवलेल्या फोटोत लेकराच्या घराची जागा असते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद ठेवा, आणि गिंप या फोटो दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमधून फोटो बाहेर काढताना एक्स्पोर्टच्या चौकटीत 'एक्झिफ' ची (फोटोसोबत साठलेल्या अशा माहितीची) खूण काढून टाका.

आता उजेड. दुरुस्तीचं निम्मं काम उजेडानं वाचतं, आणि आपल्या वर्गखोल्यांची रचना या बाबतीत वैऱ्यासारखी आहे. आत अंधार, दाराबाहेर डोळे दिपवणारं ऊन. पोरगं दारात उभं केलं की चेहरा काळा आणि मागचं मैदान पांढरंफट, आणि ते कुठल्याही ॲपनं धड होत नाही. आपण दाराकडे पाठ करून उभं राहायचं, पोरांची तोंडं दाराकडे. बाहेर फोटो काढायचा तर सकाळी परिपाठ संपल्यावर किंवा शाळा सुटताना. दुपारी १२ च्या उन्हात डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि सगळे डोळे बारीक करतात.

मुलांच्या चित्रांचे फोटो मी व्हरांड्यात घेते. सावलीत, फरशीवर कागद सपाट ठेवून, मोबाइल कागदाला अगदी समांतर धरून. आपली सावली कागदावर पडत नाही ना, एवढं बघायचं. तरीही कागद राखाडी आणि जरा निळसर येतो. याला कारण आहे. कॅमेरा समोरचं सगळं मध्यम उजेडाचं आहे असं धरून चालतो, म्हणून पांढरा कागद तो राखाडी करून टाकतो, आणि सावलीतला उजेड मुळातच निळसर असतो. फोटो काढतानाच स्क्रीनवर बोट ठेवून उजेड थोडा वर सरकवा. उरलेलं गिंपमध्ये: 'कलर्स' मेन्यूत 'लेव्हल्स' उघडायचं, पांढऱ्या बिंदूचं ड्रॉपर घेऊन कागदाच्या कोऱ्या भागावर टिचकी मारायची. कागद पांढरा होतो, निळसरपणा जातो, खडूचे रंग जागेवर येतात. एका चित्राला मिनिटही लागत नाही.

फळ्याचा फोटो समोरून घेतला तर खिडकीची चमक मधोमध येते. जरा बाजूला सरकून घ्या. फळा तिरका दिसेल, तो 'परस्पेक्टिव्ह' नावाच्या हत्यारानं सरळ होतो. चमकेत गेलेली अक्षरं मात्र परत आणता येत नाहीत.

कोणतं सॉफ्टवेअर, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि तो सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे. मोबाइलवर स्नॅपसीड, फुकट आहे आणि रोजच्या कामाला पुरतं. कॉम्प्युटरवर गिंप. बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये कॉलेजचा प्रकल्प म्हणून सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर आजही फुकट आहे, आणि शाळेला मिळालेल्या जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. उतरवून घेताना त्याच्या अधिकृत साइटवरूनच घ्या, सर्चमध्ये वर दिसणाऱ्या जाहिरातींवर टिचकी मारू नका. कॅनव्हा शिक्षकांना पडताळणीनंतर फुकट मिळतं, चांगलंही आहे, पण नेट लागतं, आणि तयार साच्यांमुळे सगळ्या शाळांची पानं एकाच आईची लेकरं वाटतात. शिकताना क्रॉप, सरळ करणं, उजेड, आकार लहान करणं आणि एक्स्पोर्ट एवढंच आधी हाताला बसू द्या. लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले थर, त्यानंतर. मागची पार्श्वभूमी कापणं वगैरे हौस उन्हाळी सुट्टीत. गिंपमध्ये 'सेव्ह' केल्यावर एक्ससीएफ फाइल होते, ती आपली कच्ची प्रत. साइटवर टाकायची ती 'एक्स्पोर्ट' केलेली. काम करताना मधून मधून सेव्ह करत राहा, लाइट कधी जाईल ते महावितरणलाही सांगता येत नाही.

अक्षरांबद्दल जरा सविस्तर बोलावं लागेल, कारण आपल्याकडे सगळ्यांची नजर फ्लेक्सवर तयार झालेली आहे. मी लेयर, कटिंग हे सगळं तालुक्याच्या एका फ्लेक्सवाल्याच्या दुकानात बसून शिकले. कामात त्याचा हात धरणारा कुणी नाही. पण त्याचं काम रस्त्यावरून जाताना दिसण्यासाठी असतं: लाल अक्षरं, पिवळी किनार, वर सावली, आणि कडेनं गोलात बसवलेले मान्यवर. तेच मोबाइलवर आणलं की काहीच वाचता येत नाही. शिवाय छपाईची फाइल बरेचदा सीएमवायके या छपाईच्या शाईच्या रंगपद्धतीत असते आणि स्क्रीनवर तिचे रंग मळकट किंवा भडक दिसू शकतात, म्हणून त्याच्याकडून काही घ्यायचं असेल तर आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या रंगपद्धतीत, मागा. मजकूर त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर तो आपल्याकडे चिकटवल्यावर अगम्य चिन्हं उमटतात. आपण युनिकोड फॉन्टच वापरायचे, त्यातला मजकूर कुठेही चिकटवला तरी मराठीच राहतो. मुक्त, बालू, नोटो सान्स देवनागरी हे सगळे फुकट आणि खुल्या परवान्याचे आहेत. टिरो देवनागरी मराठीमध्ये 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे मिळतात, पहिली-दुसरीच्या पोरांसाठी ते मला महत्त्वाचं वाटतं.

कुठल्याही नव्या ॲपमध्ये आधी 'शेतकऱ्यांच्या' आणि 'लक्ष्मी' हे दोन शब्द लिहून बघा. जोडाक्षर फुटलं, वेलांटी भलतीकडे गेली, तर ते ॲप मराठीसाठी सोडा. अक्षरांचा आकार मोजायचा तर वेबपान मोबाइलची रुंदी साधारण ३६० पिक्सेल धरतं, त्यात १२०० पिक्सेलचं चित्र बसतं, म्हणजे सगळं ३० टक्क्यांवर येतं. चित्रात ४० चं अक्षर तिथे १२ चं दिसणार. मी ५५-६० च्या खाली जात नाही, आणि दोन ओळींमध्ये जागा सढळ सोडते, नाहीतर वरच्या उकारात खालची मात्रा घुसते. खरं तर चित्रात मजकूर घालूच नये. पालक सभेची तारीख, वेळ, ठिकाण पानावर साध्या अक्षरांत लिहा. फोटो उघडला नाही तरी ते दिसतं.

फोटो उघडत नाही तेव्हा त्याच्या जागी दिसतो तो पर्यायी मजकूर, आणि अंध पालकाच्या मोबाइलमधलं वाचन-सॉफ्टवेअरही तोच वाचतं. तिथे 'फोटो १' लिहून काही साधत नाही. 'चौथीची मुलं व्हरांड्यात तुरीच्या शेंगांतले दाणे मोजताहेत' असं लिहा.

जेपीईजी की पीएनजी, यासाठी एवढं पुरे: फोटो असेल तर जेपीईजी, आकृती, नकाशा, तक्ता, अक्षरं असतील तर पीएनजी. जेपीईजी चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडून त्यातले बारकावे गाळतं, म्हणून रेघांच्या आणि अक्षरांच्या कडेला चिलटं बसल्यासारखे ठिपके येतात. पीएनजी काही गाळत नाही, पण फोटोसाठी वापरलं तर फाइल अवाढव्य होते.

विज्ञानाच्या चित्रांसाठी आपल्या गावाइतका साठा कुठल्याच साइटवर नाही. आपल्याकडच्या कपाशीचं फूल उमलतं तेव्हा दुधाळ असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. एकाच फुलाचे, एकाच जागेवरून, एकाच वेळी दोन दिवस फोटो घ्या, गिंपमध्ये शेजारी शेजारी बसवा. परागीभवनाचा पाठ तिथूनच सुरू होतो. गुलाबी बोंडअळीची अळी, कोष, पतंग हे पोरंच आणून देतात. एआयनं काढलेली चित्रं मी विज्ञानात वापरत नाही. अळीचे पाय कुठेही फुटलेले असतात, बैलांच्या मानेवर जू भलतंच, आणि पाटीवरची देवनागरी बरेचदा नुसती देवनागरीसारखी दिसते. हे गावातली पोरं लगेच पकडतात आणि मग दिवसभर तेच चालतं.

बाहेरचं चित्र घ्यायचं तर विकिमीडिया कॉमन्सवर शोधा, परवाना वाचा आणि खाली छायाचित्रकाराचं नाव आणि परवाना लिहा. गूगलवर दिसलं म्हणजे फुकट झालं असं नाही, आणि बालभारतीच्या पुस्तकाची पानं स्कॅन करून टाकणंही त्यातच आलं. वर्गात शिकवताना दाखवणं वेगळं, साऱ्या जगासाठी साइटवर ठेवणं वेगळं. भारताचा नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाचाच घ्या. परदेशी साइटवरच्या नकाशांत जम्मू-काश्मीरची सीमा बरेचदा वेगळी असते, आणि चुकीची सीमा प्रसिद्ध करणं आपल्याकडे गुन्हा आहे.

लेकरांच्या चेहऱ्यांच्या बाबतीत कुणी कितीही घाई केली तरी थांबा. एका पालकानं मला विचारलं होतं, "मॅडम, पोरीचा फोटो नेटवर काऊन टाकता जी?" प्रश्न बरोबर होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण बालक धरलं आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकाची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. आम्ही पालक सभेत मराठीत छापलेला एक साधा कागद देतो: फोटो कुठे दिसेल, कोण बघू शकेल, नको असेल तर कधीही काढून टाकू. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तसा ठराव घेतला आहे. ज्यांनी नाही म्हटलं त्यांच्या लेकरांचे फोटो येत नाहीत, आणि त्यांना कुणी कारण विचारत नाही.

यातून फोटो काढायची माझी पद्धतच बदलली. मातीचे बैल करणारे हात, खांद्यावरून दिसणारी वही, झाडाखाली गोल बसलेल्या मुलांच्या पाठी. तान्ह्या पोळ्याला सजवलेले लाकडी नंदी चेहऱ्यांशिवायही बघत राहावेसे वाटतात. चेहरा असेल तिथे पूर्ण नाव लिहायचं नाही. वहीवरचं नाव, ओळखपत्र, मागच्या भिंतीवरचा हजेरीचा तक्ता कापून टाका किंवा त्यावर भरीव रंगाचा चौकोन ठेवा. नुसतं धूसर करू नका, अक्षरांचा अंदाज येतो.

शेवटची गोष्ट साठवणीची. मूळ फोटो, एक्ससीएफ फाइली आणि साइटवरची लहान प्रत यांची तीन वेगळी फोल्डरं करा, आणि वर्षाप्रमाणे लावा. फाइलचं नाव कॅमेऱ्यानं दिलेल्या आकड्यांचं ठेवू नका, इयत्ता आणि विषय लिहा. सगळं शाळेच्या ईमेलवर आणि शाळेच्या पेन ड्राइव्हवर, आपल्या खासगी खात्यावर काही नको. संमतीचे कागद त्याच वर्षाच्या फाइलीत लावा आणि पासवर्ड मुख्याध्यापकांकडे बंद पाकिटात ठेवा, म्हणजे बदली झाल्यावर तुमच्या जागी येणाऱ्या शिक्षकाला फोन करत बसावं लागणार नाही.