ड्रीमवीव्हर शिकताना: पानामागचा कोड वाचायची सवय

ड्रीमवीव्हर, वेबफ्लो किंवा पाइनग्रो यांपैकी वेबपानं बनवायचं कोणतंही सॉफ्टवेअर घेतलं, तरी पहिलं पान एका दिवसात उभं राहतं. अडचण त्यानंतर सुरू होते. एका बटणाचा रंग बदलायला जावं तर दहा बटणं बदलतात, लॅपटॉपवर नीट बसलेलं पान मोबाइलवर आडवं सरकायला लागतं, आणि कोणत्या पॅनलमधून ते सुधारायचं हे कळत नाही. कारण एकच असतं. प्रत्येक क्लिकमागे सॉफ्टवेअर एचटीएमएल (पानाची रचना सांगणारा कोड) आणि सीएसएस (पानाचं रूप ठरवणारा कोड) लिहीत असतं आणि ते आपण वाचलेलं नसतं.

म्हणून पहिल्या दिवसापासून ड्रीमवीव्हरच्या स्प्लिट व्ह्यूमध्ये काम करा: एका बाजूला पान, दुसऱ्या बाजूला कोड. पानासाठी लाइव्ह व्ह्यू निवडा. जुना डिझाइन व्ह्यू फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड या सीएसएसमधल्या मांडणीच्या पद्धती खऱ्या ब्राउझरसारखे दाखवत नाही. पॅनलमध्ये एक गोष्ट बदलायची आणि कोडमधली कोणती ओळ हलली ते बघायचं. सुरुवातीला हे फार संथ वाटतं, पण खरं शिकणं इथेच होतं.

एक उदाहरण करून बघा. ९६० पिक्सेल रुंदीच्या चौकटीत ३०० पिक्सेलचे तीन डबे आणि मध्ये ३० पिक्सेलची दोन अंतरं, हिशेब तंतोतंत बसतो. आता प्रत्येक डब्याला चारही बाजूंनी २० पिक्सेल पॅडिंग (आतली मोकळी जागा) आणि १ पिक्सेलची बॉर्डर द्या. डबा ३४२ पिक्सेलचा होतो, एकूण रुंदी १०८६ वर जाते, आणि रॅप (न मावणारा डबा पुढच्या ओळीत नेणं) चालू असेल तर तिसरा डबा खाली पडतो. अशा वेळी नवशिके डब्याची रुंदी अंदाजाने कमी करत बसतात. उपाय एका ओळीचा आहे: बॉक्स-सायझिंगला बॉर्डर-बॉक्स ही किंमत द्यायची, म्हणजे पॅडिंग आणि बॉर्डर ३०० च्या आतच धरली जातात. काही सॉफ्टवेअर ही ओळ आपणहून घालतात. कोऱ्या फाइलमध्ये ती नसते.

ड्रीमवीव्हर १९९७ चं आहे. त्यामुळे त्याचे जुने धडे भरपूर सापडतात आणि त्यांतले कितीतरी टेबलांनी किंवा मोकळ्या सरकणाऱ्या लेयरांनी पान मांडायला शिकवतात. ते धडे सोडून द्या. असा लेयर अ‍ॅब्सोल्यूट पोझिशनने जागेवर खिळलेला असतो. वरचा मजकूर दोन ओळींनी वाढला की लेयर त्या मजकुरावर चढतो. प्रमुख ब्राउझरांमध्ये ग्रिड २०१७ मध्ये आलं, तेव्हापासून मांडणीसाठी फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड हीच साधनं वापरावीत.

फाइलींची शिस्त आधीच लावा. ड्रीमवीव्हरच्या न्यू साइट या पर्यायातून एक मूळ फोल्डर ठरवा आणि चित्रं त्याच्या आतच ठेवा. बाहेरचं चित्र वापरलं तर त्याचा पत्ता तुमच्या संगणकाचाच राहतो आणि सर्व्हरवर तिथे रिकामी चौकट दिसते. फाइल हलवायची तर फाइल्स पॅनलमधूनच, म्हणजे सॉफ्टवेअर लिंका सुधारून देतं. फाइलींची नावं इंग्रजीच्या लहान (स्मॉल) अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता. लिनक्स सर्व्हरला लहान-मोठी अक्षरं वेगळी वाटतात, त्यामुळे घरी दिसणारं चित्र तिथे गायब होतं. टेम्प्लेटमध्ये (अनेक पानांच्या समाईक साच्यात) बदल केला की त्यावर बेतलेली सगळी पानं तुमच्या संगणकावर बदलतात; ती सगळी पुन्हा अपलोड करावी लागतात. हे हमखास विसरलं जातं.

क्लासची (सीएसएसचे नियम लावण्यासाठी घटकाला दिलेल्या खुणेची) नावं कामावरून द्या, दिसण्यावरून नको. ‘लाल-बटण’ उद्या निळं झालं तर नाव खोटं ठरतं. बदल लागू होत नसेल तर इम्पॉर्टंट (नियम जबरदस्तीने लागू करणारा सीएसएसमधला शब्द) ठोकू नका. ब्राउझरमध्ये इन्स्पेक्ट उघडून कोणता नियम खोडलेला दिसतो आणि कोणता त्याच्यावर भारी पडतोय ते शोधा.

मोबाइलवरचं आडवं सरकणं हा सगळ्यांत चिवट दोष. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये रुंदी ३६० पिक्सेल ठेवा आणि सगळ्या घटकांना तात्पुरती लाल आउटलाइन द्या. बॉर्डर नको, ती मापं बदलते. जो घटक कडेबाहेर जातो तो लगेच दिसतो. बहुतेकदा तो पिक्सेलमध्ये रुंदी बांधलेला डबा असतो, किंवा मॅक्स-विड्थ १०० टक्के न दिलेलं चित्र, किंवा न तुटणारा लांबलचक वेबपत्ता. फ्लेक्समधला डबा आतल्या मजकुरामुळे आकसत नसेल तर त्याला मिन-विड्थ शून्य द्या. आणि मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीनुसार लागू होणारे सीएसएस नियम) मॅक्स-विड्थने लिहीत असाल तर मोठी रुंदी आधी, लहान नंतर. उलट लिहिली तर मोठीचा नियम लहानावर चढतो.

अक्षर मोठं हवं म्हणून हेडिंगचा टॅग निवडू नका. स्क्रीन रीडर (पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणारी माणसं बहुतेकदा हेडिंगांवरून पानात वाट काढतात. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (उजळ-गडदपणातला फरक) किमान ४.५ ला १ असावा. फिकट राखाडी अक्षरं इथेच नापास होतात.

सरावासाठी एकच पान तीनदा बनवा. पहिल्यांदा फक्त पॅनलमधून. दुसऱ्यांदा मांडणी पॅनलमधून आणि सीएसएस हाताने. तिसऱ्यांदा पूर्ण हाताने, सॉफ्टवेअर फक्त पाहण्यापुरतं. मग पहिल्या आणि तिसऱ्या फाइलचा कोड शेजारी ठेवून वाचा आणि पहिल्यातली जी ओळ कशासाठी आहे ते सांगता येत नाही, ती काढून पान मोडतं का ते बघा.