युरोपियन तलवारीचं पॉमेल : चित्रात काढताना, बनवताना, विकत घेताना या चुका टाळा

मागच्या महिन्यात एका एकांकिकेसाठी मुलांनी एमडीएफची नाईटची तलवार बनवली, पातं झकास, मूठ झकास, आणि पॉमेल म्हणजे मुठीच्या शेवटी जो गोळा असतो तो नेमका आडवा बसवला, ताटलीसारखा. ही चूक इतक्यांदा बघितलीय की आता लिहूनच टाकतो.

होतं काय, आपल्या डोळ्यांना आपल्या तलवारीची सवय. तिच्या मुठीच्या टोकाला वाटीसारखी चकती असते आणि ती झाकणासारखी आडवी बसते. युरोपातलं चाकासारखं पॉमेल मात्र उभं असतं. तलवार टेबलावर ठेवली की पात्याची सपाट बाजू आणि चाकाची सपाट बाजू दोन्ही छताकडे. पात्याचं शेपूट, ज्याला टँग म्हणतात, ते मुठीतून पुढे येऊन त्या चाकाच्या कडेतून आरपार जातं आणि वर निघालेलं टोक ठोकून रिव्हेटसारखं चपटं करतात. उभं असल्यामुळेच त्या गोल जागेवर क्रॉस नाहीतर घराण्याचं चिन्ह काढता यायचं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये पियेर द द्रू या फ्रेंच सरदाराचं असं मीनाकाम केलेलं पॉमेल आहे, १२५० मध्ये इजिप्तच्या मोहिमेत तो कैद झाला होता आणि पॉमेल पुढे कित्येक शतकांनी दमास्कसच्या बाजारात मिळालं. तलवार गेली, तेवढा गोळा उरला.

दुसरी चूक म्हणजे सगळ्या काळाला एकच आकार चिकटवणं. व्हायकिंगच्या हातात नासपतीसारखं लांबुळकं पॉमेल दिलं की चित्र संपलंच. व्हायकिंग तलवारींना बऱ्याचदा तीन किंवा पाच उंचवट्यांचं पॉमेल असतं, खाली एक आडवी पट्टी आणि तिच्यावर रिव्हेटने बसवलेली टोपी. पुढे हे उंचवटे सपाट होत गेले आणि दहाव्या ते बाराव्या शतकात संत्र्याच्या फोडीसारखा आकार जोरात होता, त्याला आज दक्षिण अमेरिकेतल्या एका सुक्या मेव्यावरून ब्राझील नट म्हणतात (नाव आजच्या अभ्यासकांनी दिलेलं, तेव्हा युरोपात ते फळ कुणी पाहिलेलंही नव्हतं). मग चाक. आणि चौदाव्या शतकात तलवारी लांब झाल्या, दुसरा हात मुठीच्या टोकापर्यंत जायला लागला, तेव्हा अत्तराच्या बाटलीच्या बुचासारखं किंवा नासपतीसारखं पॉमेल आलं कारण ते तळहातात मस्त बसतं. पंधराव्या शतकात माशाच्या शेपटीसारखंही दिसतं.

आता हे वाचून लगेच तिसरी चूक करू नका, की पॉमेल बघितलं आणि साल सांगून मोकळे. मध्ययुगीन तलवारींचे इंग्रज अभ्यासक युअर्ट ओकशॉट यांनी या आकारांना इंग्रजी अक्षरं देऊन वर्गवारी केली ती खूप कामाची आहे, पण त्यातलं साधं चाक अकराव्या शतकापासून पंधराव्यापर्यंत चालतंच राहिलं, म्हणजे नुसत्या चाकावरून तुम्ही चारशे वर्षांत कुठेही असू शकता. शिवाय पॉमेल बदलायचे. पॅरिसच्या लूव्र म्युझियममधली जोयूज, म्हणजे फ्रेंच राजांच्या राज्याभिषेकाची तलवार घ्या, पॉमेल दहाव्या-अकराव्या शतकातलं मानतात आणि क्रॉसगार्ड, म्हणजे मूठ आणि पात्याच्या मधली आडवी दांडी, बाराव्या शतकातला. पातं, क्रॉसगार्ड, पॉमेल तिन्ही एकत्र बघायचं, मगच बोलायचं.

वजनाचंही तसंच. पॉमेल म्हणजे फक्त तोल साधायचं वजन, असं ठासून सांगणारे खूप भेटतात. इंग्लंडमध्ये २००९ मध्ये सापडलेल्या स्टॅफर्डशायर खजिन्यात सत्तरच्या वर पॉमेलच्या टोप्या आहेत, बहुतेक सोन्याच्या, पोकळ, छोट्याशा. त्यांनी कसला तोल सांभाळणार? तिथे मान होता, दिमाख होता. नंतरच्या भरीव लोखंडी पॉमेलने तोल नक्की हाताकडे येतो, पण अख्खी एकहाती तलवारच किलो-सव्वा किलोची, त्यात पाव किलोच्या आसपासचं पॉमेल पुरतं. रेप्लिका बनवताना अर्धा-पाऊण किलोचा गोळा लावला तर मूठ जड आणि पातं मेल्यासारखं वाटतं.

शेवटचं, विकत घेतलेल्या रेप्लिकाचं पॉमेल खडखडतंय तर. माझ्याकडे ऑनलाइन घेतलेली एक होती, दोन महिन्यांत वाजायला लागली आणि मी घाईत इन्स्टंट ग्लू ओतला, तो ठिसूळ असतो, आठवड्यात तुटला आणि चुरा आत अडकला. तुम्ही आधी आवाज कुठून येतो ते बघा, पुष्कळदा पॉमेल घट्टच असतं आणि लाकडी मूठ सुकून आक्रसलेली असते, मग मूठ आणि क्रॉसगार्डच्या फटीत चामड्याची किंवा लाकडाची पातळ पाचर पुरते. टोकाला नट असेल तर तो आवळा, पण फिरता फिरता गच्च होतच नसेल तर आटे गेलेत, जोर लावू नका. ठोकून बसवलेलं असेल तर ते लोहारकाम जाणणाऱ्याकडेच द्या आणि तोवर ती तलवार अजिबात फिरवू नका, कारण पॉमेल सुटलं की मूठ आणि क्रॉसगार्ड धरून ठेवणारं काही उरत नाही आणि पातं समोरच्याच्या अंगावर जातं.