प्राण्यांच्या आकाराची मध्ययुगीन कुलुपे ओळखताना आणि हाताळताना या चुका टाळा

आजच्या रशियातील व्होल्गा आणि कामा या नद्यांच्या संगमाच्या परिसरात मध्ययुगात व्होल्गा बल्गेरियाचे राज्य होते. त्या राज्यातील बिल्यार आणि बोल्गार या नगरांच्या अवशेषांत घोडा, सिंह अशा प्राण्यांच्या आकाराची लहान धातूची कुलुपे सापडली आहेत. सेल्जुक या तुर्की घराण्याच्या काळातील इराणमध्येही अशी कुलुपे घडवली जात. ती इतकी देखणी असतात की पाहणाऱ्याचे लक्ष प्राण्यावरच खिळते आणि पोटातले यंत्र नजरेतून सुटते. नोंदीपासून जतनापर्यंतच्या बऱ्याच चुकांचे मूळ येथेच आहे.

सर्वांत सर्रास होणारी चूक म्हणजे कुलपाला मूर्ती किंवा खेळणे समजणे. कुलपाचे पोकळ धड आणि त्यात शिरणारा दांडा हे दोन स्वतंत्र भाग असल्यामुळे ते मातीत एकमेकांपासून दुरावतात, आणि हाती नुसते धड आले की तो केवळ एक छोटा घोडा वाटतो. अशा वेळी पोट पोकळ आहे का, छातीच्या किंवा शेपटीच्या बाजूला मुद्दाम ठेवलेली फट आहे का आणि दांडा जाण्यासाठी एका रेषेत भोके आहेत का, हे तपासावे. त्याच थरातील ‘अनिश्चित पट्टी’ किंवा ‘खिळा’ अशी नोंद झालेल्या वस्तूही पुन्हा पाहाव्यात, कारण हरवलेला दांडा त्यांतच असू शकतो.

बंद अवस्थेत सापडलेले कुलूप उघडून पाहण्याचा मोह तर हमखास नुकसान करतो. दांड्याला जोडलेल्या पातळ, लवचिक पट्ट्या आत सरकताना दबतात आणि आत पोहोचताच फाकून कडेला अडकतात. किल्ली आत सरकवली की तिच्या टोकाची भोके पट्ट्यांवर बसून त्यांना पुन्हा दाबतात आणि दांडा बाहेर निघतो. या रचनेत तार घालून फिरवण्याने काहीच साधत नाही. पट्ट्या लोखंडी असतील तर शतकानुशतकांच्या गंजाने त्यांचा भुगा होण्याच्या बेतात असतो आणि जरा धक्का लागला तरी त्या तुटतात. आधी क्ष-किरण छायाचित्र घ्यावे, ते पुरेसे स्पष्ट नसेल तर सीटी स्कॅनचा विचार करावा, आणि आतली माती सुईने टोकरू नये, कारण यंत्राचे तुकडे तिच्यातच धरून राहिलेले असतात.

घरातल्या कळकलेल्या भांड्याप्रमाणे चिंच किंवा लिंबू लावून कुलूप लखलखीत करणे हीदेखील मोठी हानी आहे. टणक, हिरवट-तपकिरी थराखाली किंवा त्याच्यातच वर्तुळ-बिंदूंची कोरीव नक्षी, घासल्याच्या खुणा, क्वचित कापडाचे ठसे टिकून असतात आणि आम्लाने ते कायमचे जातात. मात्र फिकट हिरवी, भुकटीसारखी पूड पुनःपुन्हा दिसू लागली तर तो क्लोराइड (मिठासारखे क्षार) आणि दमटपणा यांमुळे चालू असलेला क्षय असतो. तेव्हा वस्तू ताबडतोब कोरड्या, बंद डब्यात ठेवून संवर्धकाकडे, म्हणजे जुन्या वस्तूंचे जतन करणाऱ्या तज्ज्ञाकडे द्यावी.

धातूचा रंग पाहून ‘कांसे’ लिहू नये. विश्लेषण होईपर्यंत ‘ताम्रमिश्रधातू’ एवढेच लिहावे.

कालनिर्णयात केवळ आकारावर विसंबणे धोक्याचे आहे. 1236 मध्ये मंगोलांनी बिल्यारचा विध्वंस केला, म्हणून त्या विध्वंसाच्या अबाधित थराखालचे कुलूप त्यापूर्वीचे ठरते. बोल्गार मात्र पुढे सुवर्ण टोळीच्या, म्हणजे मंगोलांच्या पश्चिमेकडील राज्याच्या, काळातही भरभराटीस आले, तेव्हा तसेच कुलूप तेथे नंतरचेही असू शकते. रशियातील नोव्हगोरोद या मध्ययुगीन नगरातील लाकडी रस्त्यांच्या वृक्षवलयांवरून तेथील थरांच्या तारखा मिळतात आणि पुरातत्त्वज्ञ बोरिस कोल्चिन यांनी तेथील लोखंडी नळकांडी कुलुपांचा क्रम त्यांच्या आधारे लावला. परंतु तो क्रम या प्राणी-कुलुपांवर सरसकट लादता येत नाही. आपल्याकडे जुन्या वस्तूंच्या दुकानांत पितळी वाघ-विंचवांची कुलुपे दिसतात. त्यांच्याशी साम्य आढळले म्हणून लगेच नाते जोडू नये, कारण पट्ट्यांची ही युक्ती रोमन काळापासून ठाऊक होती आणि ती चीनपर्यंत वापरात होती.

सिंह म्हणजे रक्षक, घोडा म्हणजे वेग, असे अर्थ नोंदवहीत भरण्याआधी कुलपाची लांबी आणि दांड्याची जाडी मोजावी, कारण ते दाराला लागले असेल की पेटीला, याचा अंदाज त्यांवरूनच बांधता येतो. सापडण्याची जागा, थर आणि शेजारच्या वस्तू मात्र खणतानाच लिहून ठेवाव्यात. कुलूप एकदा उचलले की ही माहिती कोणत्याही प्रयोगशाळेत पुन्हा मिळवता येत नाही.