मुक्त सॉफ्टवेअरची वेबसाइट काकांना कळत नसेल, तर या चुका टाळा

चवथीच्या आधी आमच्या गोव्यातल्या डिचोलीकडच्या भजनी मंडळाच्या खजिनदार काकांना वर्गणीचा हिशेब लॅपटॉपवर मांडायचा होता. जुन्या मायक्रोसॉफ्ट ऑफिसची मुदत संपलेली आणि नव्यासाठी पैसे भरायची तयारी नव्हती. देवळाच्या सभामंडपात मी त्यांना आमच्या मुक्त सॉफ्टवेअर गटाची वेबसाइट फोनवर उघडून दिली. पहिलंच वाक्य होतं, ‘आपल्या गरजेनुसार डिस्ट्रो निवडा.’ काकांनी चष्मा सारखा केला, वाक्य दोनदा वाचलं आणि फोन माझ्या हातात परत दिला. ‘हें कितें रे?’ डिस्ट्रो म्हणजे लिनक्स या मुक्त प्रणालीचा वापरायला तयार संच, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

त्यांना हवं असलेलं लिबरऑफिस, म्हणजे हिशेब आणि लेखनाचं मुक्त सॉफ्टवेअर, त्याच वेबसाइटवर होतं, पण तीन पानं आत. दार आम्हीच चुकीच्या बाजूला ठेवलं होतं. तेव्हापासून ती वेबसाइट आम्ही नव्याने लिहितो आहोत. त्यात सापडलेल्या चुका इथे मांडतो, कारण इतर गटांच्या पानांवरही त्या मला सर्रास दिसतात.

सुरुवात आपल्या इतिहासापासून करणं

१९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू या मुक्त संगणकप्रणालीच्या प्रकल्पाची घोषणा केली, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन उभं राहिलं, १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांचं लिनक्स कर्नल, म्हणजे संगणकप्रणालीचा गाभा, आलं. हा इतिहास मला प्रिय आहे. पण ज्याचं काम अडलंय तो माणूस पहिल्या पानावर स्वतःचं काम शोधत असतो. म्हणून तिथे त्याचीच वाक्यं असू द्या: ‘हिशेब ठेवायचा आहे’, ‘जत्रेतल्या नाटकाची संहिता टाइप करायची आहे’, ‘जुना लॅपटॉप टाकून द्यायचा नाही’. हे शेवटचं वाक्य तर आज सगळ्यात जास्त लागतं. विंडोज १०चं नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ला संपलं, आणि बरेच चांगले चालणारे लॅपटॉप विंडोज ११च्या अटींत बसत नाहीत. अशा लॅपटॉपच्या मालकाला ‘कर्नल’ या शब्दाची गरज नाही. यावर अजून काय चालेल, एवढंच त्याला हवं असतं. इतिहास आतल्या पानावर नीट लिहा. काम झालेला माणूस तो आपणहून वाचतो.

‘मुक्त’ म्हणजे फुकट, असं वाटू देणं

इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाने घोळ होतो. आपल्याकडे मुक्त आणि मोफत असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि गोव्यात तर मुक्ती म्हटलं की शाळकरी मुलालाही १९ डिसेंबर १९६१ आठवतो. तरी आम्ही पानभर ‘मोफत, मोफत’ असं लिहून ठेवलं होतं. मग फुकट आहे म्हणजे काहीतरी खोट असणार, अशी शंका लोकांना आली. ती रास्तच होती.

मुक्त सॉफ्टवेअर देत असलेल्या चार स्वातंत्र्यांची अधिकृत व्याख्या जशीच्या तशी भाषांतरित करूनही कुणाला काही कळत नाही. शेवटी आम्ही भजनाच्या वहीचा आधार घेतला. वहीतला अभंग कुणीही म्हणू शकतो, कुठल्याही प्रसंगी. चाल कशी बांधली आहे ते शिकून आपल्या गळ्याला बसेल तशी बदलू शकतो. वही उतरवून शेजारच्या वाड्यावर देऊ शकतो. आणि बदललेली चाल पुढे शिकवूही शकतो. वापरणं, अभ्यासून बदलणं, वाटणं, बदललेलं वाटणं ही चारही स्वातंत्र्यं यात आली. सप्ताहाला बोलावलेल्या बुवांना आपण मानधन देतो, म्हणून अभंग त्यांच्या मालकीचा होत नाही. तसंच इथेही. सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांना कंपन्या पगार देतात, लोक देणग्या देतात, काहीजण दुरुस्ती आणि प्रशिक्षणाचे पैसे घेतात. पैसा कुठून येतो हे पानावर उघड सांगितलं की शंका मावळते.

वाचणाऱ्याला दटावण्याचा मोह मात्र आवरा. ‘तुमचा फोन तुमच्यावर पाळत ठेवतो, तुम्ही गुलाम आहात’ असं दारातच ऐकून कुणी आत येत नाही.

डाउनलोडच्या पानावर माणूस सोडून देणं

आमच्याकडे एका बाईंनी फोनवरून ‘डाउनलोड’ दाबलं. शेकडो एमबीची विंडोजची फाइल फोनमध्ये उतरली आणि उघडेना. त्यांचा दिवसभराचा डेटा गेला. वेबसाइट फोनवर वाचली जाते आणि सॉफ्टवेअर संगणकावर बसतं, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. आता फोनवरून आलेल्याला तिथे एक वाक्य दिसतं: ‘हे संगणकावर बसवायचं आहे. या पानाचा पत्ता स्वतःला पाठवून ठेवा.’ बटण एकच, फाइल किती मोठी आहे ते त्यावरच लिहिलेलं. ६४ बिट, डेब, आरपीएम, चेकसम असे फाइलच्या प्रकारांचे आणि तपासणीचे तांत्रिक तपशील सगळे खाली. ज्याला ते हवं असतं त्याला ते शोधता येतं.

आमच्या सत्तरी तालुक्यात पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही लपंडाव खेळतात. चार एमबीचा बॅनर तिथे उघडतच नाही. तो काढून टाका.

देवनागरीकडे दुर्लक्ष

हे दुखणं जुनं आहे. सातेरीच्या जत्रेची पंधरा वर्षांपूर्वीची पत्रिका आम्ही उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच पडला. मजकूर बिगर-युनिकोड फाँटात, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची समान पद्धत न वापरणाऱ्या फाँटात, होता आणि तो फाँट आता कुणाकडेच नव्हता. आपलंच लिखाण आपल्याला वाचता येऊ नये, हेच तर आपल्याला थांबवायचं आहे! मग आपल्याच वेबसाइटवरची माहितीपत्रकं तशा फाँटातल्या पीडीएफमध्ये कशी चालतील? ती शोधात सापडत नाहीत, कॉपी होत नाहीत. सगळं युनिकोडमध्ये घ्या. मुक्त परवान्याचे मुक्ता, नोटो यांसारखे चांगले फाँट हाताशी आहेत.

फाँट बरा असूनही पान वाचवत नसेल, तर बहुधा इंग्रजीची मापं मराठीला लावलेली असतात. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. दोन ओळी जवळ आणल्या की वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत घुसतात. फिकट करड्या अक्षरांची तर फॅशनच झाली आहे. साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान ४.५ : १ हवा, असं डब्ल्यूसीएजी ही सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

आणि पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा ‘mr’ (मराठीची खूण) अशी नोंदवा. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, स्वतः मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक या आवाज देणाऱ्या प्रोग्रॅमला मराठी येतं. पण पानाची भाषा इंग्रजी नोंदवलेली असेल, तर तो इंग्रजी आवाजात मराठी वाचायला जातो आणि ऐकणाऱ्या दृष्टिहीन माणसाला काही कळत नाही. एका शब्दाची ही दुरुस्ती आम्ही फार उशिरा केली, याचं मला अजून वाईट वाटतं.

अडचणी लपवणं

टॅली हे दुकानांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर थेट लिनक्सवर चालत नाही. एखादा जुना स्कॅनर दाद देत नाही. हे आधीच लिहा. ज्या दुकानदाराला सोमवारी कळतं की बिलंच निघत नाहीत, तो आपलं पुन्हा ऐकत नाही. त्यापेक्षा त्याला सांगा की विंडोज आहे तशी राहू दे, आधी त्यावरच लिबरऑफिस, फायरफॉक्स, व्हीएलसी वापरून बघ.

पान तयार झालं की ते मंडळातल्या एखाद्या माणसाच्या हातात द्या, शेजारी बसा आणि बोलू नका. बोट कुठे थांबतं, तेवढंच टिपून घ्या. नव्या पानावर आमच्या काकांचं बोट एकदाच थांबलं, मदतीच्या भागात, कारण तिथे फक्त ‘बग इंग्रजीतून नोंदवा’ असं होतं. आता तिथे लिहिलंय: ‘अडलं तर शनिवारी सायंकाळी वाचनालयात या. लॅपटॉपसोबत चार्जर आणा.’