व्यसनमुक्ती केंद्राला फोन करताना आधी गोळीचं नाव विचारा

हेरॉईन किंवा ट्रामाडॉलची (वेदनेवरची अफूसारखी गोळी) सवय सोडवायला ‘व्यसनमुक्ती केंद्र’ शोधलं, की बरेचदा महिन्याची फी घेऊन नुसतं ठेवून घेणारं केंद्र सापडतं. औषध नसतंच.

१. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन लावा, फुकट आहे. थेट विचारा: ‘बुप्रेनॉर्फिन-नालोक्सोन रोज कुठं मिळेल?’ तलफ आणि नशा सोडतानाचा त्रास आवरणारी ही गोळी मेडिकलमध्ये मिळत नाही, त्यामुळे दुकानं पालथी घालू नका.

२. बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार ओपीडीत चौकशी करा. नाहीतर धारवाडचं डिमहान्स, म्हणजे सरकारी मानसोपचार रुग्णालय. निपाणी-चिकोडीकरांना कोल्हापूर जवळ पडतं, पण निघण्याआधी औषध शिल्लक आहे का, ते फोनवर विचाराच.

३. आधार, रेशनकार्ड आणि जुन्या चिठ्ठ्या सोबत घ्या. सुईनं नशा करणाऱ्यांना सरकारी ओएसटी केंद्रात (जिथं सुईच्या नशेऐवजी तोंडानं घ्यायचं औषध देतात) गोळी मोफत मिळते. आयुष्मान कार्ड भरती झाल्यावर कामाचं, ओपीडीला नाही. खर्च खरा एसटीचा आणि बुडालेल्या रोजाचा, म्हणून घरी न्यायला किती दिवसांची गोळी देतात, हे पहिल्याच दिवशी विचारा.

४. गोळी जिभेखाली पूर्ण विरघळू द्या. गिळली तर जवळजवळ वाया.

सांभाळा: नशा अंगात असताना पहिली गोळी घेतली तर नशा सुटतानाचा त्रास एकदम उसळतो. जांभया, घाम, नाक वाहणं सुरू झाल्यावर, डॉक्टरांसमोरच घ्या.