इंदूरहून पंढरपूर: प्रवासी संघाने स्वतंत्र डबा कसा काढावा

‘एक अख्खी गाडीच काढू’ असे बैठकीत कोणीतरी म्हणतोच. तिथेच थांबा आणि कागद-पेन घ्या. रेल्वे ज्या योजनेत पक्षाला, म्हणजे एकत्र जाणाऱ्या प्रवाशांच्या गटाला, डबा किंवा गाडी देते तिला एफटीआर, म्हणजे फुल टॅरिफ रेट म्हणतात. पूर्ण विशेष गाडी हवी असेल तर किमान 18 डबे घ्यावे लागतात, त्यात 2 एसएलआर (गार्ड आणि सामानाचे डबे) धरून. जास्तीत जास्त 24. अनामत दर डब्याला 50,000 रुपये आणि ती 7 दिवसांच्या सहलीपर्यंत. पुढच्या प्रत्येक दिवसाला दर डब्यामागे आणखी 10,000. म्हणजे गाडीसाठी 9 लाख आधी भरायचे. 18 पेक्षा कमी डब्यांची गाडी मागितली तरी अनामत 18 चीच. शिवाय सोळा प्रवासी डबे भरायला बाराशेवर माणसे लागतात. एवढी माणसे आणि एवढा पैसा नसेल तर नेहमीच्या गाडीला जोडले जाणारे एक किंवा दोन डबे घ्या. या लेखात त्याचीच पद्धत आहे.

(इंदूरजवळच्या पातालपाणी–कालाकुंडची एका दिवसाची सहल काढायची असेल तर एफटीआर विसरा. तो मार्ग मीटरगेज, म्हणजे कमी रुंदीच्या रुळांचा आहे, नेहमीच्या ब्रॉडगेजचा डबा तिथे जातच नाही. हंगामात हेरिटेज गाडीची साधी तिकिटे काढावीत.)

माणसे आणि पैसे

नव्या बनावटीचा (एलएचबी) स्लीपर डबा 80 बर्थचा, थर्ड एसी 72 चा, जुन्या बनावटीचा (आयसीएफ) स्लीपरही 72 चा. भाडे पूर्ण क्षमतेचे लागते. 66 जण आले तरी 80 चे पैसे. त्यावर सुमारे 30 टक्के सेवाशुल्क, डबा रिकामा न्यावा-आणावा लागला तर त्याचा आकार आणि तो उभा राहिला तर डिटेन्शनचा आकार. 80 बर्थच्या डब्याला अनामत माणशी 625 रुपये येते. ती पहिल्या बैठकीतच घ्या. पैसे न देता लिहून घेतलेले नाव हे नाव नव्हे. दहा नावे प्रतीक्षा यादीत ठेवा, तीसुद्धा अनामतीसह. खाते संस्थेच्या नावाचे असावे, कारण परतावा अर्जदार पक्षालाच मिळतो.

तारीख

अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो आणि 30 दिवसांपेक्षा उशिरा चालत नाही. ‘30 दिवस पुरतात’ हा सल्ला ऐकू नका. तो नियमाचा शेवटचा काठ आहे, कामाचा वेळ नाही. चार-पाच महिने हातात ठेवा. आषाढी आणि कार्तिकीचा आठवडा टाळा. त्या दिवसांत पंढरपूरकडे जादा गाड्या सुटतात आणि तुमचा डबा उभा करायला रिकामी लाइन मिळणे कठीण. वारीच करायची तर चैत्री किंवा माघी धरा.

कार्यक्रमपत्रक: सगळे इथेच अडते

बहुतेक संघ ‘इंदूर–पंढरपूर–इंदूर, अमुक तारीख’ एवढेच लिहितात आणि महिनाभराने आक्षेप आला की रेल्वेला दोष देतात. रेल्वेला सहल दिसत नाही. तिला दिसतो एक डबा, जो अमक्या गाडीला लागेल, अमक्या स्टेशनात कापला (गाडीपासून सोडवला) जाईल, इतके तास अमक्या लाइनवर उभा राहील आणि मग अमक्या गाडीला जोडला जाईल. तुमचा कागद त्याच भाषेत हवा: गाडी, स्टेशन, पोहोचण्याची वेळ, सुटण्याची वेळ, मधले तास. एकही रकाना कोरा सोडू नये.

पहिली अट थांब्याची. डबा जोडणे-कापणे तिथेच होते, जिथे गाडी किमान 10 मिनिटे थांबते. नकाशावर सरळ वाटणारा मार्ग इथेच मोडतो. पंढरपूरला जायचे म्हणून सोलापूरकडच्या कुठल्याही गाडीला डबा लावून कुर्डुवाडीला उतरवू, असे धरून चालू नका. तिथे गाडी चारच मिनिटे थांबत असेल तर डबा उतरणार नाही. म्हणून सर्वात निर्धोक टोक म्हणजे गाडी जिथे संपते ते स्टेशन. इंदूरहून दौंडला जाणारी गाडी रतलाम, वडोदरा, सुरत, वसई रोड, कल्याण, पुणे अशी जाते आणि दौंडला संपते. डबा दौंडपर्यंतच मागा आणि पुढे बस करा, हे माझे ठाम मत. ‘डबा थेट पंढरपुरात’ या हौसेपायी दोन शंटिंग (डबा एका गाडीतून काढून दुसरीला लावणे), आणखी एक गाडी आणि आणखी एक होकार वाढतो.

दुसरी अट डब्याच्या जातीची. एलएचबी आणि जुने आयसीएफ यांची जोडणीच वेगळी असते. जाताना आणि येताना दोन्ही गाड्यांचे रेक (डब्यांचे संच) कोणत्या प्रकारचे आहेत ते अर्जाआधी स्टेशनवर विचारून घ्या, आणि गाडीला जादा डबा घेण्याची जागा आहे का तेही. आधीच पूर्ण लांबीने धावणाऱ्या गाडीला आणखी डबा लावला तर प्लॅटफॉर्म पुरत नाही. त्यात कर्जत–लोणावळा घाटाचा चढ 1:37 आहे, तिथे मागून बँकर इंजिने लावून गाडी ढकलावी लागते. एक डबा म्हणजे काय मोठेसे, असे आपल्याला वाटते. गाड्या चालवणाऱ्या ऑपरेटिंगवाल्यांना ते वजन मोजावे लागते.

तिसरी अट उभ्या डब्याची, आणि ही सर्वात जास्त दुर्लक्षित. एलएचबी डब्याला वीज इंजिनातून किंवा पॉवर कारमधून मिळते. डबा गाडीतून कापला की एसी बंद. पंखे, पंप, दिवे हेही फार काळ गृहीत धरू नका. पाण्याची टाकी भरून मिळणार की नाही, हे त्या लाइनवर पाण्याची सोय आहे का यावर ठरते. म्हणून उभ्या डब्यात मुक्काम करण्याची योजना आखू नका. डबा लाइनवर, माणसे धर्मशाळेत. डिटेन्शनचे तास कमी करायचे असतील तर परतीची गाडी आधी निवडा, दर्शनाचा कार्यक्रम नंतर बसवा. उलट केले की खर्चाचा अंदाज कोलमडतो.

हा कागद तयार झाला की तो इंदूर स्टेशनच्या वाणिज्य कर्मचाऱ्यांना दाखवा. लागलाच तर रतलाम मंडल कार्यालयातही विचारा. इंदूर ते वसई पश्चिम रेल्वे, पुढे मध्य रेल्वे. होकार दोघांचाही लागतो. पेन्सिलने दोन पर्यायी तारखा लिहून ठेवा, एकच तारीख घेऊन गेलात तर पहिल्याच नकारात सगळे संपते.

अर्ज

आयआरसीटीसीच्या एफटीआर संकेतस्थळावर नोंदणी करा, वरचे पत्रक जसेच्या तसे भरा, पावती छापा, अनामत दिलेल्या मुदतीत भरा, एफटीआर क्रमांक जपून ठेवा. दोन्ही झोनचे (पश्चिम आणि मध्य रेल्वेचे) होकार आले की भाड्याचा आकडा कळतो. उरलेली रक्कम वेळेत भरली नाही तर अनामतही अडचणीत येते.

यादी

नाव, वय, लिंग, ओळखपत्र. यादीतल्या माणसाऐवजी ऐन वेळी पुतण्या पाठवणे चालत नाही. यादीबाहेरचा तो विनातिकीट ठरतो. डबा बहुधा गाडीच्या टोकाला लागतो, म्हणून वयस्कर मंडळींना प्लॅटफॉर्मवर तासभर आधी बोलवा आणि चाकाच्या खुर्चीची सोय आधी सांगून ठेवा.

जेवण

इथे तडजोड नाही. 26 ऑगस्ट 2023 ला मदुराईत लखनौहून आलेल्या एका पक्षाचा खासगी डबा गाडीतून कापून यार्डात उभा होता. आत चोरून आणलेल्या गॅस सिलिंडरवर पहाटे चहा-नाश्ता करायला घेतला, आग लागली आणि नऊ प्रवासी दगावले. गॅस, स्टोव्ह, रॉकेल, फटाके यांतले काहीही नको. रेल्वे कायद्याच्या कलम 164 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘छोटासाच सिलिंडर आहे, आजीच्या चहापुरता’ असे म्हणणाऱ्याला प्लॅटफॉर्मवरूनच परत पाठवा. चढण्याआधी प्रत्येक पिशवी दोन कार्यकर्त्यांनी उघडून पाहावी, अध्यक्षांचीसुद्धा. दशम्या, धपाटे, तिळाची चटणी, गुळपोळी, शेव-चिवडा घरून करून आणा. गरम जेवण ई-कॅटरिंगवर (गाडीत जेवण मागवण्याची ऑनलाइन सोय) आधी सांगून ठेवा, 80 ताटे दहा मिनिटांच्या थांब्यात चढवायला चार माणसे दारात उभी ठेवा.

उतरताना

पक्षप्रमुखाने डब्यातून एक फेरी मारावी. फुटलेली काच, तुटलेला नळ, हरवलेली ब्लँकेटे यांची नोंद डब्यावरच्या कर्मचाऱ्यासमोर करून घ्यावी, म्हणजे अनामतीतून होणारी कपात वादग्रस्त ठरत नाही. परताव्याचा अर्ज एफटीआर क्रमांक आणि मूळ पावतीसह परत आल्याच्या आठवड्यातच द्या.