स्वस्तातला ऑफ-कॅमेरा फ्लॅश घेताय? या चुका टाळा

फोर्टच्या बोरा बाजारात ऑफ-कॅमेरा, म्हणजे कॅमेऱ्यापासून वेगळा ठेवायचा, फ्लॅश घ्यायला गेलेला माणूस आधी भाव विचारतो. खरं तर आधी आपल्या कॅमेऱ्याचा हॉट शू, म्हणजे वरची फ्लॅश बसवायची खोबण, बघायला हवा. कॅननच्या 1500डी, 3000डी आणि 200डी मार्क टू या बॉडींच्या शूमध्ये मधला कॉन्टॅक्टच नाही. एका पिनच्या स्वस्त फ्लॅशला आणि साध्या ट्रिगरला (शूवर बसून दूरच्या फ्लॅशला रेडिओनं इशारा देणारं यंत्र) इशारा तिथूनच मिळतो, त्यामुळे या बॉडींवर ते चालत नाहीत. नवशिक्यांकडे हेच कॅमेरे जास्त असतात, म्हणून कळकळीनं सांगतो: बॉडी सोबत न्या, ट्रिगर लावून फायर होतो का ते दुकानातच बघा, मगच पैसे द्या. सोनीचा शूही वेगळा असतो. गोडॉक्स कंपनीनं आपल्या टीटी600 फ्लॅशचं सोनीसाठी टीटी600एस हे वेगळं मॉडेल काढलं ते त्यामुळेच.

दुसरी चूक म्हणजे फ्लॅश एका कंपनीचा आणि ट्रिगर दुसरीचा. गोडॉक्स आणि योंगनुओ दोन्ही 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात, पण एकमेकांची भाषा त्यांना कळत नाही. जुन्या मालात तर नावंही फसवी: योंगनुओच्या वायएन560 टू मध्ये रेडिओ रिसीव्हर नाही, थ्री मध्ये आहे, फोर दुसऱ्या फ्लॅशला इशाराही देऊ शकतो. टू स्वस्त दिसतो, पण वेगळा रिसीव्हर घेतला की फरक उरत नाही. आधी ट्रिगर ठरवा, मग त्याच घराण्यातला फ्लॅश. स्टँडवर एका जागी ठेवायचा असेल तर मॅन्युअल, म्हणजे जोर हातानं ठरवायचा, फ्लॅश पुरेसा आहे. अंतर सारखं बदलत असेल तेव्हाच टीटीएलवर, म्हणजे जोर आपोआप ठरण्याच्या सोयीवर, जास्तीचे पैसे घाला.

खोक्यावरचा गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशच्या जोराचा आकडा, बघून भुलू नका. टीटी600 चा 60 हा आकडा 200 मिमी झूमचा आहे. 35 मिमीवर तो बराच खाली येतो आणि छत्री लावली की आणखी एक-दोन स्टॉप जातात (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा).

फोटोत आडवा काळा पट्टा येतो? शटर सिंक स्पीडच्या, म्हणजे फ्लॅशसोबत चालणाऱ्या सर्वांत जलद वेगाच्या, पुढे गेलंय. बहुतेक कॅमेऱ्यांत ती मर्यादा 1/200 किंवा 1/250 च्या आसपास असते. मरीन ड्राइव्हवर संध्याकाळच्या उन्हात हायस्पीड सिंक (त्याहून जलद शटरवरही फ्लॅश चालवणारा मोड) लावून पट्टा जाईल, पण फ्लॅशचा जोरही खूप घटेल. तिथे फ्लॅश माणसाच्या जवळ आणा आणि स्टँडच्या पायाशी वजन बांधा. समुद्राचा वारा छत्रीसकट सगळं आडवं करतो.

फ्लॅश फायरच होत नसेल तर क्रमानं बघा: फ्लॅश आणि ट्रिगरवर चॅनेल आणि ग्रुप एकच आहे का, फ्लॅश झोपलाय का, ट्रिगर शूमध्ये पूर्ण सरकलाय का, कॅमेऱ्यात सायलेंट किंवा इलेक्ट्रॉनिक शटर तर चालू नाही?

लग्नाच्या हॉलमध्ये मात्र उलटी तक्रार असते. दादरच्या एखाद्या हॉलमध्ये दोन-तीन फोटोग्राफर, सगळ्यांचे गोडॉक्स, सगळे चॅनेल 1 वर. दुसऱ्यानं शटर दाबलं की तुमचा फ्लॅश उडतो आणि ऐन हार घालताना तुम्ही दाबता तेव्हा तो अजून चार्ज होत असतो. मुहूर्ताआधीच चॅनेल बदला आणि सोय असेल तर वायरलेस आयडीही ठरवून घ्या. ऑप्टिकल स्लेव्ह मोड, म्हणजे एस1 आणि एस2, अशा ठिकाणी वापरूच नका. तिथे कुणाच्याही फ्लॅशच्या उजेडानं तुमचा फ्लॅश उडेल.

चोर बाजारात फिल्मच्या काळातले फ्लॅश मिळतात. त्यातल्या काहींचा ट्रिगर व्होल्टेज 200 च्याही वर असतो आणि डिजिटल कॅमेऱ्याचं सर्किट त्यानं जळू शकतं. फ्लॅश चालू करून मधली पिन आणि शूची धातूची कड यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा. आकडा दोन अंकांत गेला तरी कॅमेऱ्याच्या मॅन्युअलमधली मर्यादा पाहिल्याशिवाय जोडू नका.

सेल साधे अल्कलाइन नकोत, ते चार्ज व्हायला वेळ लावतात. चांगले एनआय-एमएच रिचार्जेबल चार घ्या, एकाच वेळी घेतलेले, आणि तो संच मोडू नका. पावसाळ्यात फ्लॅश बरेच दिवस पडून राहणार असेल तर सेल काढून तो सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर मुंबईच्या दमट हवेत सेलच्या खोबणीतले कॉन्टॅक्ट गंजतात.